पाण्याला वाट

गवंडी कड्याच्या काठावर पालथा पडून, खाली वाकून, कड्याच्या तोंडावरच्या भेगा सिमेंटने बुजवत होता आणि त्याची बायको त्याचे दोन्ही पाय धरून बसली होती. घरामागे दोघांचा हा उद्योग दर उन्हाळ्यात चाले. एकदा सोडलं की माझी सुटका, असं ती म्हणायची. पकड मात्र तसूभरही ढिली करायची नाही.

घर त्याने लग्नानंतर स्वतःच्या हाताने बांधलेलं. तेव्हा कडा इतका लांब होता की मागे भाजीचा वाफा करून, कपडे वाळत घालूनही जागा उरायची. आता वाफा गेला, दोरीचा एक खांबही गेला. लेकीने आपल्या घरामागची मोकळी जागा आईबापांसाठी राखून ठेवली होती, समुद्रापासून चांगली आत. पण गवंडी हटून बसला होता. गावभर ज्याने बांधलेली घरं उभी आहेत, त्याने स्वतःचंच सोडून पळायचं, ही त्याला नामुष्की वाटायची.

त्या वर्षी पावसाळा ओसरल्यावर लेक त्याला ओहोटीच्या वेळी खाली किनाऱ्यावर घेऊन गेली. लांबूनच दोघांनी कडा पाहिला. लाटांनी पायथा पार पोखरला होता, वरचा खडक अधांतरी पुढे आला होता. गवंडी मात्र आपल्या सिमेंटकडे बघत होता. त्या सिमेंटच्या आजूबाजूला कड्याला पोट आलं होतं आणि फट मिळेल तिथून गढूळ पाणी झिरपत होतं.

"लोकांच्या बांधांना पाणी जायला भोकं ठेवत आलो," तो म्हणाला. "इथं जीव अडकला, तर सगळं लिंपून टाकलं. पाणी आत कोंडलं ते मीच."

"बाबा, खालून समुद्र खातोय. तुम्ही लिंपलं नसतं तरी पडणारच होता. जरा उशिरा."

"उशिरा चाललं असतं मला."

लेकीला हसू आलं, मग त्यालाही.

घरी येऊन तो शिडीवर चढला आणि पहिलं कौल उतरवलं. बायकोने ते खालून घेतलं. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडले ते ऐकलं नाही, एका ओहोटीचं ऐकलं, हे सुनावायला ती विसरली नाही. जसं बांधलं तसंच उलट उतरवत तो खाली आला: कौलं, वासे, खिडक्या, विटा. जोतं तेवढं राहिलं. ते फोडायला त्याचा हात धजावेना.

नव्या जागेच्या मागे उतार होता. तिथे त्याने आधी बांध घातला, मग घर उभं केलं. पुढच्या पावसात आतला गिलावा चालू असताना समुद्राकडून दबका आवाज आला, धान्याचं पोतं आपटावं तसा. हातातली थापी तशीच थांबली. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

"जोतं गेलं," तो म्हणाला.

बायको जवळ येऊन उभी राहिली. "जाऊ दे. मला आता तुमचे पाय धरून बसवत नव्हतं."

थोड्या वेळाने तो काडी घेऊन मागे गेला. बांधाच्या भोकांत चिखल अडकला होता, तो त्याने एकेक करून काढला. पाणी बाहेर आलं आणि तिने लावलेल्या भाजीच्या कडेने खाली वाहत गेलं.