सातचा भोंगा

पंपघराच्या भिंतीवरच्या लाल बटणावर भोंगेवाल्याने अंगठा ठेवला खरा, पण दाबला नाही. घड्याळात सात वाजले होते. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावर त्याच्या पोराचा पत्ता नव्हता.

रोज सातच्या आधीच हा पठ्ठ्या गॅरेजमधून सायकल दामटत यायचा, खिडकीखाली घंटी वाजवायचा आणि पंपघरामागच्या सरकारी खोल्यांकडे वळायचा. आज कुठे तडमडला होता कोण जाणे!

गावातल्या पोरांनी दोन मोटारी पळवल्या, दुकानांच्या काचा फोडल्या, तेव्हा कुठे राजधानीतल्या साहेबलोकांना हे गाव सापडलं. शाळेला मास्तर मागत होते तेव्हा सापडत नव्हतं. लगेच हुकूम निघाला. संध्याकाळी सातनंतर अठराच्या आतलं पोर रस्त्यावर दिसलं, की पहिल्यांदा ताकीद आणि दुसऱ्यांदा थेट सुधारगृह, तेही दोन दिवसांच्या वाटेवर. भोंगेवाल्याच्या पोराची ताकीद झालेली होती. गुन्हा काय, तर मित्राच्या पायरीवर गप्पा मारत बसला होता.

तरी भोंगेवाल्याला हुकूम पसंत होता, खोटं कशाला बोला. सातचा भोंगा द्यायचं काम मिळाल्यापासून तर त्याची छाती फुगली होती. "आईबापांना वळण लावता येत नाही, मग सरकारलाच लावावं लागतं," असं चारचौघांत सांगायचा. शिवणकाम करणारी बाई एकदा हात जोडून आली होती.

"दादा, माझा पोरगा बेकरीतून सुटतो तेव्हाच सात होतात. एकदा ताकीदही झालीय त्याला. भोंगा जरासा मागे-पुढे केलात तर..."

"भोंगा काय माझ्या घरचा आहे का, बाई?" असं म्हणून त्याने तिला दारातूनच वाटेला लावलं होतं.

आणि आता अंगठा तसाच बटणावर. भोंगा संपला की पोलिसांची जीप चौकीतून निघते, हे त्याला तोंडपाठ होतं. भोंगा नाही म्हणजे जीप नाही. पोरालाही त्यानेच बजावून ठेवलं होतं, "घड्याळबिड्याळ बघत बसू नकोस. भोंगा सुरू झाला की धूम ठोकायची, संपायच्या आत घरात."

बराच वेळ तो खिडकीला डोळे लावून उभा राहिला. शेवटी धीर सुटला आणि त्याने बटण दाबलं. रोजच्यासारखा भोंगा गावावरून फिरला आणि थांबला. घंटी काही वाजली नाही.

घरी बायको दारातच उभी होती.

"आज उशीर केलात भोंग्याला," ती म्हणाली. "आणि हा कुठाय?"

त्याने तोंड उघडायच्या आत हवालदार हजर झाला. साहेबांनी बोलावलं होतं.

चौकीत बाकावर दोन पोरं बसली होती. एक त्याचा, सायकलच्या वंगणाने हात काळे झालेला. दुसरा त्या शिवणवालीचा. ती भिंतीला टेकून उभी होती, कपड्यांना अजून दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. चौकीत नुकतेच बदलून आलेले नवे साहेब खुर्चीत रेलून बसले होते.

"पुलावर सापडले. सायकलची चेन बसवत होते, अगदी निवांत. माझी जीप आता भोंग्याची वाट बघत नाही. सात म्हणजे सात."

"साहेब, भोंगा झालाच नव्हता हो!" शिवणवालीचा पोरगा रडकुंडीला आला होता. "नाहीतर आम्ही थांबलो असतो का?"

"अहो दादा, सांगा ना," शिवणवालीने भोंगेवाल्याची बाही धरली. "सगळ्या गावाने ऐकलंय, उशिरा झाला ते."

"गावाला कोण विचारतंय?" साहेब हसले. "यांना विचारू. भोंगा ही सरकारी सूचना. ती झाली नसेल तर दोघांना आत्ता सोडावं लागेल. मग मात्र यांना बसवून घेईन. नोकरी जाईल, खोली जाईल, बायको रस्त्यावर. बोला, किती वाजता दिलात?"

पोराकडे बघायचं नाही, असं भोंगेवाल्याने ठरवलं, आणि नेमकं तिकडेच बघितलं. पोरगा सुटल्यासारखा हसत होता. बाबा आले, आता झालंच काम, असं त्याचं तोंड.

"सातला," भोंगेवाला म्हणाला. "वेळेवर दिला, साहेब."

शिवणवालीने धरलेली बाही सोडली. पोराचं हसू जरा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. तो शेजारच्याकडे वळला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला,

"बाबा म्हणतात म्हणजे झाला असेल रे. आपलंच लक्ष नव्हतं."

सकाळी गाडी दोघांना घेऊन गेली. भोंगेवाला पंपघरातून बाहेर आला नाही. टाकी भरून वाहू लागली तरी त्याने पंप बंद केला नाही.

संध्याकाळी काटा सातवर आला आणि त्याने बटण दाबलं. रिकाम्या रस्त्यावरून भोंगा पुलापर्यंत गेला. हात धुऊन तो घरी आला, तर बायको खिडकी लावून घेत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आज वेळेवर झाला," ती म्हणाली.