मधल्या खिडकीची मोजणी

ब्राह्मी फलटणच्या स्टँडवर उतरली. सांगलीहून निघताना वडिलांनी, अण्णांनी, विचारलं होतं, "चार दिवसांसाठी आलीस, त्यात फलटण कशाला काढलंस?" ती नुसतीच म्हणाली, "एकाला भेटायचंय."

तो म्हणजे ऋषिराज. परदेशातल्या संलयन यंत्रावर तो दोन वर्षं तिच्या हाताखाली होता. त्या यंत्रात जड हायड्रोजनचे अणू जुळले की वेगवान अल्फा कण सुटतात. ते आतच टिकले तर आतला धगधगता वायू, म्हणजे प्लाझ्मा, स्वतःच्या उबेवर तापलेला राहतो. किती टिकले, हे ब्राह्मीचा गट गॅमा किरणांवरून मोजायचा. किरण यंत्राच्या खिडक्यांवरच्या जाड पडद्यांतून यायचे. पडदा जेवढे अडवतो तेवढे मोजणीत वाढवून धरायचे.

ब्राह्मीच्या हिशेबानं अल्फा मधोमध भरपूर टिकत होते. ऋषिराज म्हणाला, "ताई, मधनं गळत्यात. तुमची मधली खिडकी जास्त दाखवतीय." तिनं भर बैठकीत त्याला झिडकारलं. शोधनिबंध मासिकात छापून आला, तिचं कौतुक झालं. ऋषिराजच्या नोकरीची मुदत मात्र वाढली नाही.

मागच्या गणपतीच्या आधी जुनी वही चाळताना तिला दिसलं, मधल्या पडद्याची जाडी हिशेबात तिनंच दुप्पट भरली होती.

ऋषिराजच्या आईनं, लीलाबाईंनी, तिला हौसेनं सोप्यात बसवलं. "तुमचं नाव लय घेतो ह्यो," म्हणत त्या चहा टाकायला गेल्या. ब्राह्मीला मान वर करवेना.

"तुझी मोजणी बरोबर होती," ती कशीबशी म्हणाली. "चूक माझी."

समोर बसलेल्या ऋषिराजनं विचारलं, "कवा कळलं?"

"आठ महिने झाले."

"आठ महिनं!" त्याचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, मलाच मोजता येत न्हाई. दुसरीकडनं बोलावणं आलं, ते बी नाकारलं. कॉलेजात पोरांना साधा व्होल्टमीटर दाखवताना आजबी दोनदा बघतो."

तिनं लॅपटॉप पुढं केला. "मासिकाला पत्र लिहिलंय. आधी तू वाच."

त्यानं वाचलं. "'अनवधानानं' म्हणताय. जाडी चुकली ती अनवधानानं. गप्प बसलात ते?"

तिनं चूक कळल्याची तारीख घातली, आपण गप्प राहिलो हेही लिहिलं, आणि तिथंच पत्र पाठवलं. लीलाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा ती निघायला उठली होती.

निबंध मागं घेतला गेला, ब्राह्मीचं गटाचं प्रमुखपद गेलं. सुधारित निबंधावर ऋषिराजचं नाव पहिलं आलं, आणि प्रयोगशाळेनं त्याला परत बोलावलं. सगळ्या खिडक्या नव्यानं तपासायला मिळतील, याच अटीवर तो गेला.

त्यानं ब्राह्मीला फोन केला नाही. तिनंही केला नाही. तो हक्क आपण गमावलाय, हे तिला पटलं होतं.