पिळवटलेले शेंडे

थोरलीच्या टोमॅटोचे शेंडे एकाएकी पिळवटले. पानं दोरीसारखी वळली, देठांनी माना टाकल्या. बांधापलीकडे धाकट्या दिराचा मका मात्र ताठ उभा होता, आणि त्यात औषधालाही तण नव्हतं. वाटणी झाल्यापासून दोन घरांत बोलणं बंद होतं. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

एक रोप उपटून ती फवारणीची औषधं विकणाऱ्याकडे गेली. त्यानं पान उलटून पाहिलं.

"पांढरी माशी असती तर व्हायरस म्हटलं असतं, वहिनी. पण माशी नाही. हा तणनाशकाचा फटका दिसतोय. शेजारी कुणी मारलंय का?"

"मारलंय. शेजारी दीरच आहे."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. तो टॉवेल झटकत म्हणाला, "वाऱ्यानं आलं असेल. जाऊ दे, उगाच भांडण उकरून काढू नकोस."

एरवी भावाचं नाव काढलं की याचं डोकं फिरायचं. आज हा त्याची बाजू का घेतोय?

ती पुन्हा शेतात गेली. बांधालगतच्या ओळी हिरव्यागार होत्या. वाऱ्यानं आलं असतं तर आधी त्याच जायला हव्या होत्या. म्हणजे कुणीतरी आत शिरून मारलं होतं. पावलं शोधत ती ओळीओळीनं फिरली आणि मध्येच थबकली. पिळवटलेल्या ओळी नेमक्या त्याच होत्या, ज्यांच्यावर तिनं स्वतः करपा रोगाचं औषध फवारलं होतं. बांधाजवळ पोचण्याआधीच औषध संपलं होतं.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. फवारणीच्या त्याच पंपात नुसतं पाणी भरलं आणि परसातल्या घेवड्यावर मारलं. दोन-तीन दिवसांत घेवड्याचे कोवळे शेंडे तसेच वळले.

जेवताना तिनं विचारलं, "पंप कुणाला दिला होता?"

नवऱ्यानं घास ताटात ठेवला. "तू माहेरी होतीस तेव्हा... त्याचा पंप मोडला होता. मका तणात बुडाला होता. मीच तणनाशक मारून दिलं."

"तुम्ही? त्याच्या शेतात?"

"पंप विसळला होता मी."

"आणि बोलणं कधीपासून सुरू आहे?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "वर्ष झालं असेल."

टोमॅटो गेल्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. "माझ्यासमोर त्याच्या नावानं बोटं मोडत होतात."

"तुला आवडलं नसतं."

"विचारलं होतंत कधी?"

सकाळी ती दिराच्या दारात जाऊन उभी राहिली. तो गडबडून उठला, जावेनं खुर्ची पुढे केली. थोरली उभ्यानंच म्हणाली, "आमचा टोमॅटो गेला, भाऊजी. पंप तुमच्या कामाला आला होता, म्हणून सांगायला आले."

संध्याकाळी दीर नवा पंप घेऊन आला आणि जुना घेऊन गेला. "हा जुना आता फक्त तणनाशकालाच," म्हणाला. मागाहून जाऊही वांग्याची रोपं घेऊन आली. चौघांनी मिळून ती लावली. वांगी बरी आली.

दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं. पण नवऱ्याला शेतातून यायला उशीर झाला की थोरली अजूनही विचारते, "कुठे होतात?" उत्तर ऐकल्यावरही ती जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहते.