माझं पोट कोणी उघडलं?

मित्रांनो, मी नेकनूरच्या एका जुन्या जीपचं इंजन. म्हातारा झालोय, पण त्याचं मला काही वाटत नाही. माझा संताप आहे जुन्या मालकावर, आणि तो मी आज सांगणारच.

तरुणपणी मी कांद्याची पोती ओढली, बाळंतिणींना बीडला पोहोचवलं. दम लागू लागला तेव्हा मालक आप्पारावांनी मला ख्वाजा मिस्त्रींकडे नेलं. काय माणूस! माझा एकेक भाग रॉकेलनं धुऊन फडक्यावर ओळीनं मांडला. माझ्या पोटात एक जाड दांडा फिरतो, त्याला तीन लोखंडी टोप्या धरून ठेवतात. ज्या जागेची टोपी त्याच जागी बसावी लागते. म्हणून मिस्त्रींनी पहिली टोपी आणि तिची जागा, दोन्हींवर एकेक टिंब ठोकलं. दुसरीला दोन, तिसरीला तीन.

"आता कुनी बी उघडू द्या, चुकनार न्हाई," ते म्हणाले.

सहा वर्षं मी कुरकुर केली नाही. मग थोडी खडखड सुरू झाली. मिस्त्रींकडे न्यायचं ना? पण आप्पाराव पडले सर्वज्ञ! "त्यात काय लई अवघड हाय?" म्हणत स्वतःच पाना घेऊन बसले. टोप्या काढून मातीत टाकल्या, हाताला लागतील तशा बसवल्या. दोन टिंबांची तिसऱ्या जागी, तीन टिंबांची दुसऱ्या. ढिली लागली म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून खाली सारला. तेल गळू नये म्हणून लावलेलं प्याकिंग फाटलं, तर तिथं सायकलची ट्यूब! अहो, ट्यूब! माणसाच्या पोटात चिंध्या कोंबून कोणी टाके घालतं का?

तिसऱ्याच आठवड्यात मांजरसुंब्याच्या घाटात मी जाम झालो. गाडीत नवरदेव होता. मुहूर्त टळला, वऱ्हाडी भडकले. तेव्हा आप्पाराव काय म्हणाले ऐका.

"इंजन ख्वाजानं बांधलंय. त्यालाच इचारा!"

बाजाराच्या दिवशी बिभीषणच्या चहाच्या हॉटेलासमोर त्यांनी हेच चारचौघांत सांगितलं. मिस्त्री विनवत होते, "आप्पा, एकडाव उघडून तर बघू द्या." आप्पारावांनी उघडू दिलं नाही. मला लिंबाखाली लोटलं. माझ्यावर कोंबड्या बसल्या, आणि मिस्त्रींच्या दारात पुन्हा कोणी इंजन आणलं नाही. बारा वर्षं तो कसबी माणूस सायकलींचे पंक्चर काढत बसला. माझा गंज मी विसरेन, पण हे विसरणार नाही.

यंदा शाळेतल्या मंजुषाबाईंनी जीप घेतली आणि मला थेट ख्वाजा मिस्त्रींकडे नेलं. लोक म्हणाले, "बाई, त्यानंच तर बिघडवलं."

"मग त्यांनाच कळंल काय बिघडलंय," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मला उघडलं. ट्यूब निघाली, पत्रा निघाला. मग त्यांनी टोपी फडक्यानं पुसली आणि टिंबं मोजली. परत मोजली.

"बाई, बघा. दोनाची टोपी तिनावर बसवलीय. माझ्या मागं कुनीतरी उघडलंय. हे माझं काम न्हाई."

त्यांनी मला पुन्हा बांधलं, टिंबाला टिंब लावून. बाजाराच्या दिवशी बाईंनी मिस्त्रींना शेजारी बसवून जीप बिभीषणच्या हॉटेलासमोर उभी केली. आप्पाराव आत चहा पीत होते. मिस्त्रींनी पत्र्याची पट्टी त्यांच्या बशीत ठेवली. आप्पारावांनी ती ओळखली. त्यांची मान खाली गेली आणि ओठ हलले.

"काय म्हनले आप्पा?" बिभीषणनं विचारलं. मी बाहेर चालूच होतो, माझ्या घरघरीत कोणाला काही ऐकू येईना.

मित्रांनो, हाताला जमत नसेल तर जाणकाराला विचारा, त्यात कमीपणा नाही. तरी हात घातलात आणि चुकलं, तर चुकलं म्हणा. माझा दांडा घासला तर नवा मिळतो हो! पण तुमच्या बेफिकीर हातांपायी एखाद्याची बारा वर्षं जातात, ती कुठल्या दुकानात मिळतात?

बाईंनी हात लांब करून चावी फिरवली. मी आयुष्यात पहिल्यांदा खुशीनं बंद झालो. सगळा बाजार वळून बघू लागला.

"इंजन म्याच उघडलं हुतं," आप्पाराव म्हणाले. "ख्वाजाभाईची काय बी चूक नव्हती."

"आता चालू करा, बाई," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.