बोलणारी बावन्न पानं

टपालबाई सलग चौदा महिने रमीत हरल्या नव्हत्या, आणि त्यामुळेच त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

तीस वर्षं पोस्टात पत्रं निवडून निवृत्त झालेल्या या बाई डोळे धड होते तेव्हासुद्धा दहातले सहा डाव हरायच्या. कारण समोर नणंद असायची, आणि नणंद पत्त्यांत सख्ख्या भावाचीही गय करत नसे. मग डोळे गेले. तेव्हापासून नणंद शेजारी बसून त्यांची पानं कानात सांगायची, "हे टाक वहिनी, ते उचल" म्हणायची आणि जरा वेळानं सगळे ओरडायचे, "झाली की रमी!" दर रविवारी नशीब असं फळफळायला लागलं तर शहाण्या माणसाला शंका येणारच. पण शंकेला पुरावा हवा, आणि पुरावा बघायला डोळे हवेत. इथेच घोडं पेंड खात होतं.

पुरावा मिळाला तो केंद्रातून. न दिसणाऱ्यांना कामं शिकवणाऱ्या त्या केंद्रातल्या मास्तरीणबाईंना स्वतःलाही दिसत नव्हतं, त्यामुळे तिथे कुणाची कीव करायला कुणालाच सवड नव्हती. त्यांनी टपालबाईंच्या हातात एक जाडजूड पेन दिलं. ते लिहीत नसे, बोलत असे. वस्तूवर एक बारीक गोल चिकटपट्टी लावायची, पेनचं टोक तिला टेकवायचं, बटण दाबून त्या वस्तूचं नाव बोलायचं. पुन्हा टोक टेकवलं की पेन तेच नाव आपल्याच आवाजात ऐकवतं.

सोपं होतं, फक्त बटण कधी सोडायचं ते कळायला हवं. पहिल्या दिवशी टपालबाईंनी साखरेच्या डब्यावर जे भरलं ते असं, "साखर... अगं बाई, हे मेलं बंद कसं होतं?" पुढे आठवडाभर साखरेचा डबा रोज सकाळी त्यांना हाच प्रश्न विचारत होता. मिठाचा डबा नुसता खोकायचा.

"पुसून पुन्हा भरा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मुळीच नाही. खोकला म्हणजे मीठ. पाठ झालंय मला!"

हात बसल्यावर त्यांनी पत्त्यांचा कोरा जोड आणला. केंद्रातले शिपाईदादा एकेक पान बघून नाव सांगत, टपालबाई चिकटपट्टी लावून ते पेनमध्ये भरत. पंधराव्या पानापर्यंत त्या सरळ वागल्या. मग जीभ सुटली. शिपाईदादा हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

रविवारी नेहमीची मंडळी जमली. नणंद, समोरच्या दारातल्या शिंपीणबाई आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त दातांचे डॉक्टर.

"हे ठिपके कसले पानांवर?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोटांचा व्यायाम," टपालबाई म्हणाल्या. "केंद्रात सांगितलाय."

"बरं बरं," तिघंही इतक्या मऊ आवाजात म्हणाली, की टपालबाईंचं पित्त खवळलं. पेन मांडीवर, त्याची वायर केसांखालून कानात. सात-सात पानं वाटली गेली.

"तीन राण्या आल्यात वहिनी," नणंद कुजबुजली. "चांदी आहे तुझी!"

टपालबाईंनी टेबलाखाली एकेका पानाला पेन टेकवलं. राणी होती. एकच होती. बाकी नुसता कचरा. त्यांचे कान तापले. चौदा महिने! चौदा महिने ही माणसं आपल्याला लहान मुलासारखी खेळवताहेत! आणि मग रागाच्या मागोमाग पोटातून असं हसू उसळलं, की त्यांना ओठ दाबून धरावे लागले. एकही पान न उचलता त्यांनी सगळा कचरा टेबलावर पसरला.

"झाली माझी रमी!"



"वा!" डॉक्टर म्हणाले. शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघा, तीन राण्या!" नणंद छातीठोकपणे म्हणाली.

टपालबाईंनी पेनातून वायर उपसली आणि टोक पहिल्या पानावर ठेवलं. त्यांचा स्वतःचाच आवाज खोलीभर घुमला.

"किलवर दुर्री."

"चौकट नव्वी."

"इस्पिक गुलाम. मिशी थेट आमच्या डॉक्टरांची."

"बदाम छक्की."

"किलवर दश्शी."

"चौकट तिर्री."

"इस्पिक राणी. तोंड वाकडं, हुबेहूब आमच्या वन्सं."

शिंपीणबाई फिस्सकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

"वहिनी," नणंद शेवटी म्हणाली, "डोळे गेल्यावर पहिला डाव हरलीस तेव्हा तू रडली होतीस. मला नाही बघवलं."

"वन्सं, मी हरले म्हणून नाही रडले. माझ्या हातातली पानं मला कळेनात, म्हणून रडले." टपालबाई म्हणाल्या. "हरायचं मी तुमच्याकडूनच तर शिकले. तेवढं तरी काढून घेऊ नका."

नणंदेनं नाक ओढलं. मग तिची खुर्ची करकरत समोरच्या बाजूला गेली.

"पिसा हो डॉक्टर," ती म्हणाली. "आणि आता कुणी कुणाचं कानात सांगायचं नाही. टाकलेलं पान तेवढं मोठ्यानं बोलायचं."

हा डाव म्हणजे नुसता दंगा झाला. टपालबाई कानात पेन ऐकेपर्यंत डॉक्टर टेबलावर बोटं वाजवत. "आटप की, संध्याकाळ होईल!" नणंद खेकसली, आणि ते खेकसणं ऐकून टपालबाईंना गुदगुल्या झाल्या. हात भरत आला. एक चौकडी लागली, किलवर पंजी होतीच, शिंपीणबाईंनी टाकलेली चौकट पंजी त्यांनी झडप घालून उचलली. आता कुठलीही तिसरी पंजी आली की झालं. इस्पिकची मघाशीच गेली होती. राहिली बदामाची.

धाडकन टेबल हादरलं.

"रमी!" नणंद ओरडली. "हरलीस वहिनी!"

चौदा महिन्यांची सवय, टपालबाईंचा सहजी विश्वास बसेना. त्यांनी वायर काढली, चाचपत नणंदेची पानं ओढली आणि एकेकावर पेन टेकवलं. तीन अठ्ठ्या. मग बदाम तिर्री, बदाम चव्वी, बदाम पंजी, बदाम छक्की.

"ही पंजी तुमच्याकडे?"

"चव्वी आणि छक्की तर तेव्हा माझ्याकडे नव्हतीसुद्धा! पण तू चौकटीची उचललीस तेव्हाच ओळखलं तुला काय हवंय ते," नणंद फुशारकीनं म्हणाली. "म्हणून दाबून ठेवली. मेले तरी सोडली नसती."

टपालबाईंना इतकं हसू आलं की उचकी लागली. डॉक्टर पाणी आणायला धावले.

"पाणी नको," त्या उचकीतून कशाबशा म्हणाल्या. "पानं वाटा."