आठ दहाची वेळ

आर्ची बेथूनने टपरीच्या खिडकीतून हात आत घालून टॅमच्या वहीवर बोट ठेवलं. "गुरुवार. आठ दहा."

टॅमने चष्मा कपाळावर चढवला. नगरपालिकेच्या गोल्फ मैदानावर पाळ्या लावायचं काम तो बावीस वर्षं करत होता. आठ दहाच्या रकान्यात इतकी वर्षं तो न विचारता 'बेथून, दोघं' असं लिहीत आला होता.

"एकट्याला दहाच्या आधी वेळ देत नाही आपण," तो हळूच म्हणाला. "तुला माहितीये, आर्ची."

"मग दोघं लिही."

"दुसरं कोण?"

"नेटा."

टॅमची पेन्सिल थांबली. सहा आठवड्यांपूर्वी दफनभूमीत आर्चीच्या बायकोची, नेटाची शवपेटी खाली सोडताना पायाकडची दोरी त्याच्याच हातात होती. दोरीने तळहात भाजला होता, तरी त्याने ती हळूच सोडली होती. त्याने रकान्यात दोन नावं लिहिली आणि वही मिटली.

बुधवारी संध्याकाळी आर्ची स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. उद्याचा खेळ नेटा इथेच ठरवायची. चौथ्या भोकाला डावीकडून जायचं. सातव्यावर समुद्राचा वारा असला तर उगाच जोर करायचा नाही. "तू जोर करतोस आणि मग गवतात चेंडू मी शोधते," असं ती दर बुधवारी म्हणायची. आर्चीने पाकिटाच्या पाठीवर नऊ भोकांपर्यंत लिहिलं. पुढच्या नवांचं त्याला काही सुचेना. ते तिलाच ठाऊक असायचं.

गुरुवारी तो गोल्फच्या काठ्यांच्या दोन्ही हातगाड्या ओढत आला, स्वतःची आणि तिची. पहिला फटका मारायच्या चौथऱ्याशी आठ अठराच्या पाळीच्या तिघी आधीच उभ्या होत्या.

"काय रे आर्ची," धाकटी शीना ओरडली, "चेंडू मारतोस की अंडी उबवतोस?"

थोरल्या मिसेस गॉरीने तिला कोपर मारलं. शीनाने दुसरी गाडी पाहिली आणि हातमोजा काढून परत घातला.

टॅम टपरीतून बाहेर आला. उशीर झालेल्याची पाच मिनिटं वाट पाहायची, हा नियम होता. तो आजवर त्याने कुणासाठीही मोडला नव्हता, की एक मिनिटही वाढवून दिलं नव्हतं. त्याने खिशातलं घड्याळ काढलं.

"बेथून आणि बेथून," त्याने नेहमीसारखी हाक दिली. मग घड्याळाकडे बघत उभा राहिला.

गाड्या लावायच्या जागेत एक मोटार आली. आर्चीने वळून पाहिलं. हातात पत्रांचा गठ्ठा घेऊन पोस्टमन उतरला.

"पाच झाली, आर्ची," टॅम म्हणाला.

"तिने कधी उशीर केला नाही."

"कधीच नाही. तूच करायचास."

"बूट सापडायचे नाहीत मला."

"माहितीये. रस्ताभर ओरडत यायची ती तुला."

आर्ची हसायला गेला, पण हसू मध्येच अडकलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि दोन्ही गाड्या चौथऱ्यावरून बाजूला घेतल्या.

"तुम्ही पुढे व्हा, बायांनो."

"अरे, आमच्यात ये ना," मिसेस गॉरी म्हणाली. "तीन आहोत. चौथा चालतो."

"आज नको."

"आर्ची, अरे..."

"एकट्याने बाजूला व्हायचं असतं." 'एकटा' हा शब्द त्याने सहा आठवड्यांत एकदाही उच्चारला नव्हता. चर्चमध्ये नाही, बँकेत नाही, खाटकाने नेहमीसारखे दोन तुकडे बांधले तेव्हासुद्धा नाही.

तिघी गेल्या. शीनाचा पहिलाच फटका झुडपात गेला आणि कुणीच तिची चेष्टा केली नाही.

आर्ची बाकावर बसून राहिला. आठ सव्वीसचे दोन भाऊ आले, मग आठ चौतीसचे चौघं. प्रत्येक वेळी तो उठला, टोपीला हात लावला आणि म्हणाला, "जा पुढे. मी एकटा आहे."

चौथ्या खेपेला टॅम चहाचे दोन कप घेऊन आला आणि शेजारी बसला. समोर नवरा-बायकोची एक अनोळखी जोडी उभी होती, कुडकुडत हात चोळत.

"आम्ही जाऊ का आधी?" त्या बाईने विचारलं. "की तुम्ही कुणाची वाट बघताय?"

"नाही," आर्ची म्हणाला. "कुणाची नाही."