चावरीची वाटी

डॉक्टरांना वहिनीच्या लसीच्या डब्यावर संशय आला तेव्हा मी आधी त्यांच्याशी भांडले आणि मग विचार केला. माझं नेहमी असंच होतं. वहिनी मला उगाच मिरची म्हणत नाही.

ती लस टोचणारी नर्स, मी त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. खांद्याला लसीचा बर्फाचा डबा लटकवून ती मुलांना टोचायला आधी वरच्या कॉलनीत जाते, मग उतारावरून खाली, डबक्यांकाठच्या वस्तीत. महिन्याभरानं त्याच मुलांचं रक्त माझ्याकडे येतं आणि लस लागू पडली की नाही ते मी बघते. प्लास्टिकच्या एका प्लेटमध्ये इवल्या इवल्या वाट्या असतात, एका वाटीत एका मुलाच्या रक्ताचा थेंब. शेवटचं औषध घातलं की जिथे लस लागू पडली ती वाटी पिवळी होते.

कॉलनीच्या वाट्या पिवळ्याधमक झाल्या. वस्तीच्या बहुतेक कोऱ्याच राहिल्या, मोजक्याच पिवळ्या. मी चाचणी पुन्हा केली. पुन्हा तेच.

“डबा गरम झाला,” डॉक्टर म्हणाले. प्रयोगशाळा त्यांच्याच हाताखाली. “कॉलनीत बर्फ टिकला, खाली पोचेपर्यंत वितळला. मग खराब लस टोचली त्यांनी.”

“वहिनीनं? ती घरी दुधाचं पातेलं फ्रिजबाहेर राहू देत नाही. दादा चहाला दूध काढतो तेव्हा ही मागे पहारा करते.”

“घरचं दूध इथे आणू नका. सोमवारी त्यांना बोलावलंय. टोचायचं काम काढून घ्यावं लागेल.”

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी हे तोंडावर बोलले आणि दार आपटून घरी आले.

वहिनी ओट्याशी उभी राहून डबाच पुसत होती. तिला कळलं होतं. “परत आले तेव्हाही बर्फ खडखडत होता गं,” ती म्हणाली. “पण ऐकणार कोण? काम गेलं तर गेलं. वस्तीतल्या आयांना मी शब्द दिलाय, आता निर्धास्त राहा म्हणून. त्याचं काय?”

“मुलं आजारी होती का त्या दिवशी?”

“आजारी?” तिनं मनगट पुढे केलं. दातांची खूण अजून पुसट दिसत होती. “ही बघ, वस्तीतल्या एका पोरीची खूण. चावरीच म्हणते मी तिला. सुई दिसताच कडकडून चावली आणि हसत पळाली. आजारी पोर इतक्या जोरात चावतं का? त्या पोरांना ताप माहीतच नाही. कॉलनीतल्या पोराला मलेरिया झाला की आठवडाभर अंथरूण. ही रात्रंदिवस डासांत, आणि बघावं तेव्हा धडधाकट.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी चप्पल घालायला धावले. वहिनी मागून ओरडली, “अगं, उद्या जा. आता कुलूप असेल.”

सकाळी डॉक्टर येण्याआधीच मी दारात. “त्याच रक्ताची मलेरियासाठी चाचणी करू द्या,” मी म्हटलं. “लस खराब असेल तर वस्तीतल्या चारदोन वाट्या पिवळ्या का झाल्या?”

“ती मुलं रांगेत पुढे असतील. तेव्हा बर्फ असेल.”

“असेल, असेल. बघूया ना.”

ते हाताची घडी घालून माझ्या मागे उभे राहिले. चाचणीला एका शब्दानंही हरकत घेतली नाही, हे मात्र कबूल करायला हवं. मी नव्या प्लेटमध्ये शेवटचं औषध घातलं; या वेळी मलेरिया असेल ती वाटी पिवळी होणार होती. एक वाटी पिवळी झाली. मग शेजारची. मग वस्तीची अख्खी ओळ भराभर पिवळी होत गेली, मध्ये मध्ये चारदोन वाट्या सोडून. मी लसीची जुनी प्लेट तिच्याशेजारी ठेवली. तिथे कोरी ती इथे पिवळी, तिथे पिवळी ती इथे कोरी. दोन भावंडं एकच पांघरूण ओढत असावीत तसं.

डॉक्टरांची घडी सुटली. “वहिनींना बोलवा,” ते म्हणाले. “सोमवारी नाही, आत्ता.”

त्यांचा आवाज चढला होता आणि ते मुलासारखे इकडून तिकडे फिरत होते. वहिनी आली तेव्हा त्यांनी तिला बसूसुद्धा दिलं नाही. “तुमची लस चांगली होती. या मुलांना मलेरिया इतक्यांदा होतो की शरीराला त्याची सवय झालीय. ताप येत नाही, पण रक्तातली झुंज चालूच. लसीकडे बघायला त्या शरीराला फुरसत नाही. माझी चूक झाली, बाई.”

मी आनंदानं वहिनीला मिठी मारली. ती काठीसारखी उभी.

“म्हणजे लस चांगली होती,” ती म्हणाली, “आणि पोरं अजून उघडीच आहेत.”

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि तिघं मिळून ठरवायला बसलो. आधी मुलांच्या रक्तातला मलेरिया काढायचा, डबकी बुजवायची, मच्छरदाण्या द्यायच्या, मगच पुन्हा टोचायचं. वहिनी तर हात धुऊन मागे लागली. वस्तीतल्या माणसांना फावडी देऊन तिनं डबकी बुजवून घेतली. दादाही एका रविवारी माती वाहायला गेला आणि घरी येऊन कमरेच्या नावानं रडला.

मग मुलांना औषध देऊन पुन्हा टोचलं, महिन्याभरानं काल वहिनीनंच त्यांचं रक्त काढून आणलं, आणि आज नवीन प्लेट. वहिनी माझ्या खांद्याला खांदा लावून उभी, डॉक्टर चष्मा पुसत. मी औषध घातलं. वस्तीची ओळ पिवळी होऊ लागली, एकामागून एक. मी वेडी झाले, टेबलावर थापा मारू लागले.

वहिनी प्लेटवर वाकली. “चावरीची वाटी कुठली?”

डॉक्टरांनी नंबर बघून बोट ठेवलं. कोपऱ्यातली. कोरी होती. मग तळाशी फिकट रंग आला, वर चढला, आणि वाटी हळदीसारखी पिवळी झाली.

वहिनी स्टुलावर बसली आणि रडायला लागली. रडता रडताच तिनं बाही वर सारली. मनगटावर दातांची नवी, ताजी खूण होती.

“परत चावली,” ती म्हणाली. “चावू दे.”